अर्धं बोट वारा

उद्यमबागेत एकतीस वर्षं कुपोल्याच्या तोंडाशी उभा होतो,
म्हणून वाटायचं, आगीचं मला कळतं.
कणकुंबीच्या या घरात
गुडघ्याएवढ्या शेगडीनं
तीन रात्री मला खोटं पाडलं.

शेगडी मीच केलेली. फुटक्या पंपाचं कवच,
आत बिडाची, भोकाभोकांची वाटी,
वर पत्र्याचा डबा, त्यातून दाणे एकेक खाली,
बाजूला वीतभर पंखा,
आणि वाऱ्याच्या वाटेवर एक झडप.
तिच्या दांडीशेजारी खडूच्या खुणा, एक ते नऊ.

जळण म्हणजे मका.
बैलहोंगलच्या गोदामात भिजलेला, बुरशी धरलेला.
अडत्या म्हणाला, फुकट ने. चौदा पोती.

भरमाक्का, माझी थोरली बहीण, उंबऱ्यातच थांबली.
"मका जाळूलास?"
"कुजलाय गे. विष झालंय त्याचं."
"दाणाच की तो."
बहात्तर साली रेशनचा तांबडा मिलो दळून खाल्लेली ती.
शेकायला आली नाही.
घोंगडं ओढून भिंतीकडं तोंड करून बसली.

पहिल्या रात्री झडप दोनवर.
ज्योत आळशी, नारिंगी, धुराची शेपटी ओढत वर गेली.
काच काळी झाली. सकाळी वाटीच्या तळाशी खंगर,
छिन्नी लावून काढावा लागला.

दुसऱ्या रात्री आठवर.
दाणे वाटीतनं उडाले, अर्धे कच्चेच राखेत पडले,
दोनचारांच्या लाह्या झाल्या,
आणि सगळी ऊब धुराड्यातनं थेट चोर्ल्याच्या घाटात.
वास मात्र भाजल्या कणसाचा.
शेजारची पोरं दारात आली,
"मामा, कणसं भाजूलाय?"
काय सांगणार. काठीनं राख उकरत राहिलो.

बसवण्णेप्पा मिस्त्री निळ्या काचेतनं आत बघायचा
आणि हात खाली करून ओरडायचा, "गाळी साकु!"
वारा पुरे.
कधी दोन बोटं वर, "इन्न स्वल्प."
मला कानडी येत होतं ते एवढंच,
तेवढ्यावर किती लोखंड वितळलं, हिशेब नाही.
इथं काचेमागं मी एकटा
आणि हात वरखाली करणारं कुणी नाही.

तिसऱ्या रात्री पाच. मग साडेचार. मग पुन्हा पाच.
ज्योत उठायची, धाप लागल्यागत बसायची.
माझी छातीही तशीच,
भट्टीची धूळ अजून आत आहे.
वैतागून आडवा झालो.

केव्हातरी जाग आली.
अक्का उकिडवी बसलेली,
शेगडीपाशी नाही, दारापाशी.
खालच्या फटीत मी ठासून बसवलेली चिंधी,
गारठा येऊ नये म्हणून,
ती तिनं उपसून काढली.
बाहेरचा गार वारा जमिनीवरून सरपटत आला,
माझ्या तळव्यांवरून गेला
आणि शेगडीखाली शिरला.
ज्योत आखूड झाली. पिवळीधमक. ताठ.

मग ती शेगडीकडं सरकली,
झडप अर्धं बोट मागं घेतली, कान लावला.
साठ वर्षं फुंकणीपाशी बसलेला कान.
"घर सगळं बुजवून ठेवलास," म्हणाली,
"त्येनं श्वास कुठनं घ्यायचा?"

झडप कुठल्या आकड्यावर आहे बघायला गेलो,
तर तिच्या अंगठ्याखाली खडू पुसला गेलेला.

घोंगडं आता तिच्या खांद्यावरून घसरलं होतं.
पाय शेगडीकडं लांब केलेले, मांडीवर सूप,
पोत्यातले ओंजळभर दाणे ती उजेडात फिरवून बघत होती.
सात बाजूला काढले.
"हे जाळू नको. पेरून बघू."
उगवायचे नाहीत, मला ठाऊक होतं.
मी उठून डब्यात मका घातला
आणि ते सात दाणे
कागदाच्या पुडीत बांधायला
जुना कागद शोधू लागलो.